यादीतला पहिला फोटो

चाचा, तुमची मुलगी परवा वडशाहून माझ्या घरी आली होती. तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली आणि तिच्याजवळ तुमचा एकच फोटो आहे, मतदार कार्डावरचा. तो पर्समधून काढून दाखवत म्हणाली, "बाई, हे अब्बा वाटतच नाई. कोनी दुसराच मानूस वाटते. हासतानाचा एखादा असन काय तुमच्यापाशी?" अर्ध्या चंद्रपूरच्या लग्नांचे फोटो तुम्ही काढलेत आणि तुमच्याच घरात तुमचा फोटो नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी तिला म्हटलं, शोधते.

मी पहिल्यांदा तुमच्या स्टुडिओत आले ते तुम्हाला आठवत असेल. कुरखेड्याकडच्या एका खेड्यातली मास्तरीण, हातात जाहिरातीचं कात्रण आणि डोक्यात मेगापिक्सलचं भूत. रोलवाल्याला डिजिटल कॅमेऱ्याचं विचारणं म्हणजे टांगेवाल्याला ऑटोचा स्टँड विचारणं, असं माझ्या मैत्रिणीने बजावलं होतं. तुम्ही मात्र कात्रण बाजूला ठेवून विचारलंत, "तुया गावात लाइन किती वेळ राह्यते?" मी म्हटलं, येते थोडी, जाते फार. "मंग पेन्सिल सेलवाला घे. चार्जरवाला घेशीन त त्याची पूजाच करत बसशीन." आणि स्वतःच्या स्टुडिओचं शटर ओढून तुम्ही माझ्यासोबत परकोटाच्या आतल्या त्या मोठ्या दुकानात आलात. तिथे घरच्या मुलीसाठी स्थळ पाहावं तसे कॅमेरे पाहिलेत. एकेक माझ्या हातात देऊन बोटं नीट बसतात का बघितलंत. दुकानदार झूमचं कौतुक सांगू लागला तर म्हणालात, "यातला अर्धा झूम खोटा हाय. पाय हायेत ना तुले? दोन पावलं समोर जा." मागच्या पडद्यावर मी भाळले होते, तर तुम्ही मला भर उन्हात रस्त्यावर उभं केलंत. पडद्यावर काहीसुद्धा दिसेना. "म्हनून डोया लावाले खिडकी असलेलाच घे." ज्या यंत्रामुळे तुमच्या स्टुडिओतली गर्दी ओसरत होती, तेच तुम्ही माझ्यासाठी इतकं मन लावून निवडत होतात. एवढं मोठं मन मला तेव्हा नीट दिसलंही नाही, मी नव्या खोक्याच्या आनंदात होते.

दुकानाच्या पायरीवरच मी पहिला फोटो काढला, तुमचा. "कोपर पोटाशी धर, दम रोक, मंग दाब," तुम्ही सांगत होतात आणि मी दम रोखायचं विसरून बटण दाबलं. फोटो हलला, डोक्याचा वरचा भाग कापला गेला आणि तुम्ही हसत असल्याने डोळे मिटलेले. मी ओशाळले. तुम्ही म्हणालात, "पह्यला हाय. राहू दे."

तुमच्या स्टुडिओत खराब निगेटिव्ह नावाची वस्तूच नव्हती. हललेली, काळवंडलेली, सगळी गावाचं नाव लिहिलेल्या पिवळ्या पाकिटांत जपलेली. एकदा माझ्यासमोर एक म्हातारा धानवाला शेतकरी आला. बायको गेली होती आणि घरातला एकमेव फोटो वाळवीने खाल्ला होता. तुम्ही तासभर पाकिटं उपसलीत. मिळाली ती तिची डोळे मिटलेली निगेटिव्ह, तेव्हा वाया गेलेली. तुम्ही तीच छापून दिलीत. म्हाताऱ्याने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "अशीच होती ते. हासली का डोये मिटे तिचे." तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. मी मान डोलावली, जणू मला कळलं होतं.

नंतर मी फोटोंची सीडी करून घ्यायला आले. माझ्या फोटोंची यादी संगणकावर उघडून तुम्ही बोटाने नंबर वाचू लागलात. "सात, आठ, मंग एकदम बारा. मंधातले कुठी गेले?" मी ऐटीत सांगितलं, चांगले नव्हते, खोडून टाकले, डिजिटलची हीच तर मजा आहे. तुमचा आवाज मी तेव्हा एकदाच चढलेला ऐकला. "चांगला का खराब, हे ठरवनारी तू कोन? काऊन घाई करून राह्यली? ज्याचा फोटो त्याले एक दिवस लागन." मला राग आला होता, चाचा. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मनातून गेला नाही.

परवा तुमची मुलगी गेल्यावर मी ती सीडी लावली. यादी दोन नंबरपासून सुरू होते. तेव्हा आठवलं, त्या दिवशी तुमचं बोट सगळ्यात वरच्या ओळीवर क्षणभर थांबलं होतं आणि मग काही न बोलता खाली सरकलं होतं. तुम्हाला दिसलं होतं. नऊ-दहा-अकरासाठी रागावलात, स्वतःसाठी एक शब्द बोलला नाहीत.

सांगते काय झालं ते. फाल्गुनात आरमोरीहून गावी परत येताना वाटेत एक पळस असा फुलला होता की मी एसटीतून मधेच उतरले. कॅमेऱ्यासोबत आलेलं ते इवलंसं कार्ड भरलेलं. एक खोडल्याशिवाय दुसरा मावेना. मी एकेक बघत गेले आणि तुमच्यावर थांबले. म्हटलं, चाचा काय, स्टुडिओत आहेतच, पुन्हा काढू. त्यानंतर तीनदा तुमच्याकडे आले, तिन्ही वेळा कॅमेरा पिशवीत होता. आणि पाऊस लागायच्या आत तुम्ही गेलात.

मुलीला उद्या काय सांगू, ते लिहिता लिहिता सुचेल असं वाटलं होतं. तुम्ही दिलेलं एक रिकामं पिवळं पाकीट माझ्याकडे आहे, हा कागद त्यातच राहील. एवढंच कबूल करते की "शोधते" म्हणाले तेव्हाच मला माहीत होतं, शोधायला काही नाही. तो पळस मी मोठा करून बैठकीत लावला आहे. निघताना तुमची मुलगी त्याच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "किती सुंदर आला, बाई. अब्बानंच शिकवलं ना?" मी हो म्हटलं.