समुद्राची जिवाणी

६ जानेवारी, सोमवार

आष्ट्याहून आले एकदाची! एसटीत मांडीवर मेथीच्या लाडवांचा डबा धरून बसलेली. शेजारची बाई विचारती, कुठं निघालाव आजी? म्हटलं, पणतवंड आणाया. सगळी गाडी हसली. त्रिशलाची आई गुडघ्यांनी अडली, म्हणून नातीच्या बाळंतपणाला मी. विश्रामबागेत तिचा फ्लॅट लय झ्याक हाय, स्वयंपाकघर एवढुसं, जागचं न हलता मिठाचा डबा बी हाताला लागतो आणि नळ बी. ही वही तिनंच दिली. म्हणाली, आजी, तू बोलतीस त्यातलं निम्मं तरी लिहून काढ, म्हणजे मला काम करता येईल. तिसरीपर्यंतची माझी शाळा. चुकलं तर चुकलं.

नववा लागलाय. मी पोटाशी बांगड्या वाजवल्या, म्हटलं ए पाव्हण्या. आतनं दोन लाथा! परत वाजवल्या, परत दोन. भरतेश, म्हणजे नातजावई, म्हणतो, आजी, आतापासनंच हजेरी घेताय व्हय?

८ जानेवारी, बुधवार

नात घरी बसून समुद्रातले भोवरे हुडकती. त्याचा पगार मिळतो म्हणे! एकेक भोवरा आपल्या जिल्ह्याएवढा. आभाळातनं यंत्र समुद्राची उंची मोजतं. पाणी कुठं फुगलंय, कुठं दबलंय, तिथं भोवरा. पण काल बघितलेला आजचा कुठला, हे कसं वळखायचं? तर कालच्या चित्रावर आजचं ठेवायचं. तिथंच आसपास, तेवढाच, त्याच अंगानं फिरणारा, तो कालचाच. मी म्हटलं, पाणवठ्यावर आपली म्हैस बी अशीच वळखतात की. लय हसली पोरगी. एखादा चित्रातनं गेला तरी लगेच मेला म्हणायचं न्हाई, थोडे दिवस आजूबाजूला बघायचं. पाण्यात तरंगतं यंत्र सोडलं तर ते भोवऱ्यासंगं गोल फिरतं, त्यावरनं बी माग लागतो.

तिच्या टेबलावर एक बाटली हाय. गेल्या साली बोटीवर गेलती तवा तिच्या लाडक्या भोवऱ्याच्या मधोमधचं पाणी भरून आणलेलं. तो भोवरा अजून जिता हाय, रोज चहाच्या आधी त्याला बघती.

१० जानेवारी, शुक्रवार

त्या बाटलीपायी माझा जीव लागंना. आपल्या जैनांत पाणी गाळून घेतात आणि फडक्यात अडकलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या पाण्यातली त्याच पाण्यात सोडतात. विहिरीची विहिरीला, नदीची नदीला. आईनं चुलीपुढं बसवून शिकवलेलं. आणि हितं ते बिचारे सालभर बुचाखाली कोंडलेले! समुद्र कुठं, मी कुठं. पण कृष्णा शेवटी समुद्रालाच जाती की. त्रिशला मिरजेला तपासणीला गेली तवा बाटली गाळली, रिक्षानं घाटावर गेले आणि फडकं उलटं करून नदीत झटकलं. गाळलेलं पाणी परत बाटलीत. कुणाला कळतंय. लय हलकं वाटलं. येताना वांगी घेतली, काटेरी, पण गोड निघाली.

१३ जानेवारी, सोमवार

आज भोगी. तीळ लावून भाकऱ्या केल्या. त्रिशला जेवली न्हाई नीट, तिचा भोवरा चित्रातनं गेलाय. शुक्रवारपासनंच. आजूबाजूला हुडकतीय.

एक गंमत. नळाची बादली भरून ठेवलेली, त्यात पिठाच्या हाताचं ज्वारीचं एक सालपट पडलं. ते गोल फिराय लागलं. कुणी ढवळलं न्हाई, काय न्हाई. उजवीकडनं डावीकडं.

१५ जानेवारी, बुधवार

काल पातेल्यात. आज पाण्याच्या कळशीत. मी मुद्दाम सालपट टाकून बघते. तेवढंच रिंगण, तोच वेग, उजवीकडनं डावीकडं. बादलीत टाकलं तर आता बादलीत गप. म्हणजे एकच हाय. जागा बदलतंय.

भांडीवाली रंगूबाईला सहज विचारलं, नळाला पाणी कुठलं गं. म्हणाली, आवं आजी, नदीचंच की, दुसरं कुठलं?

म्हणजे घाटावर मी झटकलं ते नळानं घरात आलं.

१६ जानेवारी, गुरुवार

कळशी उचलून मोरीत ओतायला निघाले तर त्रिशलाच्या हातात पेला. त्यातच सालपट गोल फिरतंय. मी हात धरीपर्यंत घटाघटा प्याली. म्हणाली, आजी, तहान लागली होती गं, असं काय बघतीस.

पेला गप. कळशी गप. बादली गप. सगळीकडं साल टाकून बघितली.

१७ जानेवारी

पोटाला हात लावला. लाथ न्हाई. बाळ फिरतंय. सावकाश, गोल, एकाच अंगानं — बांगड्या वाजवल्या की तेवढं थांबतं, दोन लाथा मारतं, कशा तर दमलेल्या — आणि परत फिरवलं जातंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके चांगले हायत, आजींनाच जरा झोपू दे.

मी सांगितलं भरतेशला, बाटलीचं बी सांगितलं. त्यानं बायकोकडं बघितलं. हसले दोघं.

१९ जानेवारी

दुपारी तिचं पाणी गेलं. फरशीवर. भरतेश गाडी काढाय धावला — मी सालपट टाकलं — फिरलं! बाहेर आलं, बाई, बाहेर आलं! फडक्यानं टिपून तांब्यात पिळलं, झाकण घातलं. ह्या खेपेला समुद्रालाच. रत्नागिरीला, स्वतः जाऊन. पोरगी सुटली. लाडू खाल्ला मी, रडत रडत.

२१ जानेवारी

मुलगी झाली. धडधाकट. घरी आणली. पाळण्याशी बांगड्या वाजवल्या, ए पाव्हणे.

न्हाई.

परत. न्हाई. रडत बी न्हाई. नुसते डोळे — गोल — उजवीकडनं डावीकडं —

सगळे पेढे खातायत.

आत आले. तांब्याचं झाकण काढलं. साल पाण्यावर गप. बांगड्या वाजवल्या.

आतनं दोन.

परत वाजवल्या. दोन.

माझी बाय, तू हितं — मग पाळण्यात — ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात, पण तुझं पाणी तर — आईच्या पोटातलं, ते आता कुठनं आणू — रत्नागिरी नको, नको — ओट्यावर ठेवते, भरतेशला आणून ऐकवते, ह्या खेपेला हसला तर —

बोलावलं. हात पुसून येतो म्हणाला. तवर हे लिहिते —

मोरीत नळ सोडल्याचा आवाज. रंगूबाई आलीय व्हय. ओट्यावरची भांडी —

तांब्या न्हाई ओट्यावर —

रंगूबाई, थांब, तो उपडा करू न