नाल्यावरची खोली

मी, मंदाबाई पुंडलिकराव घोडमारे, वय अंदाजे एकोणऐंशी, राहणार पिंपळधरी, ता. आर्वी, जि. वर्धा, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची सही कोणी मागत नाही. मला अक्षर येत नाही. मी सांगते ते नागसेन अर्जनवीस लिहितो. माझे बोलणे सुधारायचे नाही, अशी त्याला ताकीद आहे.

१. तलावाकाठचे राहते घर माझ्या नावावर आहे. ते मुलगा हेमराज याला.

२. घराची मागची खोली नाल्यावर उभी आहे. तीन वर्षे नाला कोरडा होता, तेव्हा मीच हट्ट धरला. आमचे हे गवंडी. म्हणाले, "अवं, तलावात पाणी याच वाटेनं जाते." मी महिनाभर त्यांच्या भाजीत मीठ टाकले नाही. खोली झाली. आमचे पाहून शेजारच्या बबनरावांनीही भिंत पुढे ओढली. आता तलाव दिवाळीलाच आटतो. बबनरावांना साक्षीदार मुद्दाम केले आहे.

३. नात वर्षाली नागपूरला घरांचे नकाशे काढायला शिकली. तिने आमच्या या घराचा नवा नकाशा काढला. त्यात मागची खोली नाही, नाला मोकळा, त्यावर दगडी खांबांची उंच पडवी, तलावातल्या गाळाच्या विटा, छपराचा उतार तलावाकडे. चूल मात्र वाऱ्याच्या तोंडाशी होती. ती मी हलवायला लावली. ह्यांची थापी अन् ओळंबा वर्षालीला. पाटल्या सून ज्योत्स्नाला, चहात साखर कमी टाकते तरी.

४. माझ्यामागे खोली पाडल्याशिवाय हेमराजला घर मिळू नये.

हे ऐकून हेमराज बोलला, तेही लिही म्हटले.

"माय, तू त्याच खोलीत झोपतं. तू आहे तोवर मी हात नाई लावणार."

"म्हणजे तलावानं माह्या मरणाची वाट पाहाची का?"

नागसेन म्हणाला, "आजी, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते."

मग कलम चार खोडून टाक. घर हेमराजला बिनशर्त. खोली येत्या सोमवारी, मृगाच्या आधी, माझ्या डोळ्यांसमोर पडेल. माझी खाट ओसरीत टाकावी. पहिला घण मी मारीन. उचलला नाही तर हेमराजने माझ्या हाताला हात लावावा.

कलम चारची खाडाखोड माझ्यासमक्ष झाली, मला कबूल आहे.

मंदाबाई घोडमारे, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: १. बबनराव भोयर (सही) २. रामाजी कडू (सही)
लिहिणार: नागसेन
पिंपळधरी, दि. २३ मे २०२५