शामलेचा मागे घेतलेला अर्ज

मी, दादाजी नत्थूजी ढोबळे, वय एकाहत्तर, मराठीचा निवृत्त प्राध्यापक, राहणार प्रताप नगर, नागपूर, बुद्धी शाबूत असताना आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. वकिलांच्या कारकुनाने आणलेला मसुदा मी परत पाठवला. त्यात अकरा चुका होत्या. माझे यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझी एकुलती एक कन्या शामला, राहणार मौदा, हिला द्यावी. पूर्वीच्या मृत्युपत्रानुसार ही ठेव महाविद्यालयाकडे, माझ्या नावाच्या पारितोषिकासाठी जाणार होती. वर्षातून एकदा तरी व्यासपीठावरून माझे नाव उच्चारले जावे, अशी इच्छा होती. ती मी सोडली आहे.

२. सर्व शब्दकोश शामलेची मुलगी अरुंधती हिला द्यावेत. त्यांत तिने पेन्सिलीनेसुद्धा खुणा करू नयेत.

३. कपाटातील काळा कोट कोणाही गरजूस द्यावा. तो १९६३ साली प्राचार्यपदासाठी शिवून घेतला होता. घालण्याचा प्रसंग आला नाही. त्या खुर्चीवर संस्थेच्या अध्यक्षांचे व्याही बसले. त्यांच्या सत्काराचे भाषण मीच लिहून दिले.

४. हे कलम लिहिण्यास मला एकवीस वर्षे लागली.

त्या वर्षी शामला माझ्याच महाविद्यालयात विद्यार्थी संघाच्या अध्यक्षपदासाठी उभी होती. विरुद्ध संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. अध्यक्षांनी मला चहाला बोलावले आणि म्हणाले, "ढोबळे सर, प्राचार्य व्हायचं आहे ना तुम्हाले? मग पोरीले समजवा."

मी घरी विषय काढला. ती म्हणाली, "बाबा, वाचनालयात मुलींना बसायला एक बाक नाही. तेवढं तरी मले बोलू द्या." घरात 'मले' म्हणण्यास माझी मनाई होती. मी तेवढाच शब्द दुरुस्त केला आणि उठून गेलो.

नियमानुसार सूचकासही अर्ज मागे घेता येत असे. तिचा सूचक श्रीधर पराते, उमरेडच्या विणकराचा मुलगा, माझा विद्यार्थी. मी अर्ज मागे घेण्याचे पत्र लिहिले, त्याखाली श्रीधरची सही केली आणि ते कार्यालयाच्या पेटीत टाकले.

फलकावर शामलेचे नाव नव्हते. कार्यालयाने तिला सही दाखवली. तिने श्रीधरला सर्वांसमोर विकाऊ म्हटले आणि त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. मी शेजारच्या वर्गात शिकवत होतो. मला सर्व ऐकू येत होते. पुढे ती कोणत्याही सभेत बोलायला उभी राहिली नाही. माझी पत्नी कौशल्या हिलाही मी खरे सांगितले नाही. ते न कळताच ती वारली.

आज श्रीधर साक्षीदार म्हणून आला, तेव्हा हे कलम मी त्याला वाचून दाखवले.

तो म्हणाला, "मले माहीत होतं, सर. ते पत्र मीबी पाहिलं होतं. चार वर्षं माह्या वहीवर तुमचं अक्षर पाहिलं. सही माही काढली, बाकी अक्षर तुमचंच होतं."

"मग तिला सांगितले का नाहीस?"

"दोस्त तिले दुसरा भेटला असता, सर. बाप कुठून आणला असता?"

तोच पुढे म्हणाला, "अन् आता कायले लिहून राहिले? तुम्ही गेल्यावर हे वाचून ती भांडेल कोणासंग?"

श्रीधरला मी काही देऊ केले असता त्याने नकार दिला.

५. वरील कलम मी खोडलेले नाही. उद्या सकाळच्या बसने मौद्यास जाऊन ते मी स्वतः शामलेस वाचून दाखवीन. तिने मला घरात घेतले नाही, तरी कलम पहिले कायम राहील.

(सही) दादाजी नत्थूजी ढोबळे

साक्षीदार:
१. (सही) श्रीधर बळीराम पराते, उमरेड
२. (सही) बबनराव लांजेवार, शेजारी, प्रताप नगर

नागपूर, दिनांक १४ ऑक्टोबर १९८४