पितृपक्षातला अपडेट

८ सप्टेंबर, सकाळ
आमच्या दूध संघात कॉम्प्युटर म्हणजे सोमनाथ, म्हणजे मी. दसऱ्याला कायम करतो, असं चेअरमन अजिनाथअण्णांनी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर स्वतः सांगितलंय. मशीन एकच, पण सॉफ्टवेअरनं तिच्या पोटात मी तीन कॉम्प्युटर केलेत: एक दूध संकलनाचा, एक बिलांचा, तिसरा माझ्या फुकट पिक्चरांचा. तिघं एकमेकांना ओळखत पण न्हाईत. याला डोकं लागतं.

१० सप्टेंबर
संकलनावरची शिवकन्या मोबाईल घेऊन आली. म्हणे त्या सॉफ्टवेअरला भोक सापडलंय. एका कॉम्प्युटरातला व्हायरस बाहेर निघून खालच्या मशीनलाच धरतो, मग सगळेच गेले. कंपनीनं अपडेट दिलाय, सोमनाथभाऊ आजच टाका. मी समजावलं, पितृपक्षात नवं काही आणत न्हाईत. घरी आईनं साधा तवा आणू दिला न्हाई, अन् मी सर्व्हरवर नवं व्हर्जन चढवू? घटस्थापनेला बघू. ती कपाळाला हात लावून गेली. पटलं असावं.

१४ सप्टेंबर, दुपार
नवा पिक्चर उतरवला. विकत आणलं न्हाई, त्यामुळं दोष लागत न्हाई.

१९ सप्टेंबर
शिवकन्या विचारती, बॅकअप कुठंय. हाय की, त्याच मशीनमध्ये. लांब कशाला ठेवायचा? तिनं दुधाच्या नोंदींची कॉपी पेनड्राइव्हवर काढून नेली. नेऊ दे, हौस हाय.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
अपडेटसाठी नारळ फोडला, मशीन चालू केली. तिन्ही कॉम्प्युटरांवर एकच इंग्रजी धमकी: सगळं कुलूपबंद, पैसे पाठवा. व्हायरस पिक्चरातून आला, असं शिवकन्या सगळ्यांदेखत म्हणली. मी म्हणलो, मुहूर्त साडेसहाचा होता, लाईट सातला आली. त्याला मी काय करू?

२३ सप्टेंबर
बिलं अडकली. दूधवाले दारात. त्यातल्या केसरबाईला मी पितृपक्षाचं सांगितलं. ती म्हणली, मुडदा बशिवला तुझा, म्हशीला कुठं पितृपक्ष असतो? अडाणी बाई. सांजच्याला शिवकन्येनं पेनड्राइव्हवरून बिलं काढली. माझं मार्गदर्शन होतंच.

२ ऑक्टोबर, दसरा
कायम झालो! अण्णा शब्दाचे पक्के. फक्त कॉम्प्युटर शिवकन्येकडं, अन् मी पेंडीच्या गोदामात. तिथं तुला बिघडवायला काही न्हाई बे, म्हणले. मी मनात प्लॅन केलाय, गोदामाला कडक सिक्युरिटी बसवायची. सोनं देऊन पाया पडलो अन् शटरची किल्ली मागितली. अण्णा म्हणले, किल्ली शिवकन्येकडं राहील. सकाळी ती उघडून देत जाईल.