चिंता नसलेलं घुबड

दि. ४ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लिहून पाठवलेल्या पाट्या पक्षीघरात लागल्या. झाडता झाडता वाचल्या. मला वेळ लागतो, पण सोडत नाही मी. डावीकडे माझं गव्हाणी घुबड, उजवीकडे तुझं डोंगरातलं, तू मोजत हिंडतेस ते. वर्ग एक, गण एक, कुळ वेगळं. आपलं उलटं, कुळ एक, गण कधी जुळलाच नाही. तुझं राहतं जुन्या रानात. माझं कोठारात, पडक्या भिंतीत, मिळेल तिथे. स्थिती: तुझं 'संकटग्रस्त', माझं 'चिंता नाही'.

तुझ्याला दिवा, पंखा, दोन डॉक्टर. माझ्याला मी. घरीही तेच. तू शिंकलीस की आई गल्ली गोळा करायची. मी तापात भांडी घासली तर म्हणे, थोरली दणकट आहे.

घाण खरवडायच्या पत्र्याने ती 'चिंता नाही'ची ओळच खरवडून टाकली. मुकादम ओरडला. ओरडू दे.

सतराला माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. येऊ नकोस. घुबडं मोजायची असतील.

लोभ उरला असेल तर ठेव.
तुझी ताई

दि. ९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले. अगं, 'चिंता नाही' म्हणजे कुणाला पर्वा नाही असं नव्हे. ती जात भरपूर आहे, एवढंच. घुबडं असतील भरपूर. मला ताई एकच आहे.

आणि खरं सांगू? आई तुझ्या घरी राहते, तुझ्या हातचं खाते. माझ्या वाट्याला तिची नुसती काळजी येते, तीही पोस्टाने. जळते मीही.

मोजणी पुढे ढकलली. सोळाला पोचते. तू नको म्हणालीस तरी लोभ हक्काने मागेन.
तुझी धाकटी

दि. २ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

टाके सुकले, कामावर जाते. तू गेल्यापासून आईचं एकच चाललंय, धाकटी किती वाळली! पोट फाडलं माझं, वाळलीस तू. मी काही बोलले नाही. बोलले, पण थोडंच.

नवी पाटी लागली. ओळ तीच. बया पुन्हा खरवडते की काय, म्हणून मुकादम लांबून बघत असतो. मी रोज पुसते ती, ओल्या फडक्याने, हळू.

तुझ्या घुबडाच्या पाटीवर मात्र धूळ साचलीये. मी हात लावणार नाही. तू येऊन पूस.

लोभ आहेच, मागतेस काय.
ताई