वरीलप्रमाणे

३ फेब्रुवारी, मंगळवार

पत्र आलं! तिकडच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी पक्की. पण शेपूट आहेच. माझी पदविका ज्या कॉलेजची, त्या कॉलेजने ती खरी असल्याचं स्वतः लिहून मोहोरबंद लिफाफ्यात द्यायचं. लिफाफा मी उघडायचा नाही, तसाच पाठवायचा. फोडलेला दिसला तर बाद. शेवटची तारीख सत्तावीस.

म्हणजे बावीस वर्षं लोकांचं रक्त तपासतेय, तो पुरावा नाही. भिंतीवर काचेत सर्टिफिकेट लटकतंय, तोही नाही. कॉलेजने म्हणायला हवं — हो, ही बाई आमचीच.

ह्यांना फोन केला. तीन वर्षं झाली ह्यांना तिकडे जाऊन. "व्हिसा फक्त तेवढ्यासाठी अडलाय ना? मग झालंच समज," म्हणाले. लेकीला हाक मारली, बाबांशी बोल म्हटलं. ती चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "नमस्कार सांग." समोरच्या घरातल्या काकांना सांगावा तसा! ते गेले तेव्हा सहा वर्षांची होती. हे तिकडे हसले. मला नाही हसू आलं.

४ फेब्रुवारी

सासूबाई : "सरकारी काम आणि सहा महिने थांब." सरकारी नाही हो, कॉलेजचं आहे, म्हटलं. "मग वर्षभर थांब."

५ फेब्रुवारी, गुरुवार

अर्धी रजा टाकून कॉलेजात गेले. प्रयोगशाळेच्या जागी आता संगणकांची खोली. रेकॉर्डची खोली मात्र तीच, जिन्याखाली, तोच ओला पुठ्ठ्याचा वास. सगळे ज्यांना भाऊसाहेब म्हणतात ते कारकून. चष्म्याला दोरी. माणूस भला आहे. माझ्या वर्षाचं रजिस्टर त्यांनी लेकराला उचलावं तसं दोन्ही हातांनी उचलून आणलं.

बोट ओळींवरून खाली आलं. शेवटच्या ओळीवर थांबलं. मी अडतीस नंबर, वर्गातली शेवटची.

"ताई, तुमचा निकाल रद्द आहे."

मी हसलेच. सर्टिफिकेट पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, परत रजिस्टर वाचलं. "सर्टिफिकेट काहीही म्हणो. विचारणा आली की आम्ही रजिस्टर बोलतं तेच बोलतो."

रजिस्टर काय बोलतं ते मीच वाकून पाहिलं. तेव्हाच्या कारकुनांना आम्ही मोती म्हणायचो. अक्षर मोत्यासारखं, पण स्वभाव कंजूष. एक शब्द दोनदा म्हणून लिहायचे नाहीत. छत्तीसच्या ओळीत 'अनुत्तीर्ण'. सदतीसच्या ओळीत 'उत्तीर्ण'. आणि माझ्या ओळीत — 'वरीलप्रमाणे'.

पुढे दोन महिन्यांनी सदतीसचा निकाल रद्द झाला. मोतींनी तिथला 'उत्तीर्ण' लाल शाईने खोडला आणि वर लिहिलं — 'रद्द, गैरप्रकार'. खालच्या ओळीकडे बघितलंच नाही. माझा 'वरीलप्रमाणे' जसाच्या तसा! बावीस वर्षं मी त्या रजिस्टरात रद्द होऊन पडलेय आणि कुणाला पत्ता नाही.

मोती वारले. चौकशीची फाईल वाळवीने खाल्ली. भाऊसाहेब म्हणाले, "प्राचार्यबाईंना भेटा. सोमवारी."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सदतीस ही माझी मैत्रीण. आम्ही एकमेकींना नंबरानेच हाक मारायचो. सदतीस आणि अडतीस. बाक शेजारी, डबा एक.

शेवटच्या वर्षाचा जीवरसायनशास्त्राचा पेपर. भरारी पथक आलं. तिच्या बाकाखाली, तिच्या पायाशी चिठ्ठी सापडली. रक्तातल्या घटकांचे नेहमीचे आकडे — साखर किती, युरिया किती. अक्षर तिचं. पथकातल्या बाईंनी विचारलं, "कुणाची?" तिने चिठ्ठीकडे पाहिलं. मग फळ्याकडे. काही बोलली नाही. चौकशीतही नाही. घरून पुन्हा फी भरायला नकार आला आणि तिचं शिक्षण तिथेच संपलं.

एवढंच. बाकी लिहायला नको.

आमच्या प्रयोगशाळेतला इनक्युबेटर सदतीस अंशांवर असतो. रोज सकाळी आल्या आल्या तो आकडा वहीत लिहायचा. बावीस वर्षं रोज लिहितेय.

९ फेब्रुवारी, सोमवार

प्राचार्यबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. पण बोलल्या समजुतीने. "चूक आमच्याकडची दिसतेय. पण मी मनानं खोडाखोड कशी करू? उद्या कुणी मलाच विचारेल." मग पेन टेकवून विचार केला. "वरच्या ओळीतल्या बाईंचं प्रतिज्ञापत्र आणा. की रद्द झाला तो फक्त त्यांचा निकाल, तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते जोडते आणि दुरुस्ती करून देते."

"त्या कुठे असतात कोण जाणे," असं मी म्हणाले.

मला पक्कं ठाऊक आहे ती कुठे असते. मोठ्या रस्त्यावरच्या चपलांच्या दुकानात. अकरा वर्षं झाली. म्हणून तर मी चपला दुसरीकडून घेते.

१० फेब्रुवारी

नाही गेले. डोकं दुखत होतं. (दुखत नव्हतं.)

११ फेब्रुवारी, बुधवार

आज वॉर्डातून दोन नळ्या आल्या, लेबलं अदलाबदल. नवऱ्याचं नाव बायकोच्या नळीवर, बायकोचं नवऱ्याच्या. दोघं एकाच अपघातातले, शेजारी-शेजारी खाटा. आधीच्या नोंदीशी रक्तगट जुळेना म्हणून माझ्या लक्षात आलं. नाहीतर चुकीचं रक्त चढलं असतं. वॉर्डातल्या सिस्टरवर मी अशी काही ओरडले की मोठे डॉक्टर बाहेर आले. "रिपोर्ट अगदी बरोबर निघाला असता," मी म्हणत होते, "रिपोर्ट बरोबर, माणूस चुकीचा!" सिस्टर रडायला लागली. मग वाईट वाटलं, चहा पाजला तिला. चूकच झाली होती तिची, मुद्दाम थोडंच केलं होतं.

घरी येऊन जेवले नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हे फोनवर — "एक सही तर आणायचीय. मैत्रीण होती ना तुझी?"

"होती."

"मग अडलंय कुठे? तुला काय झालंय?"

काही नाही म्हटलं. ह्यांनी तिकडे दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय. शाळा जवळ. खिडकीतून झाड दिसतं, असं दोनदा सांगितलं. तीन वर्षं हा माणूस चार अनोळखी पुरुषांबरोबर एका खोलीत राहतोय. झाड दिसतं म्हणून एवढा आनंद! मला भरून आलं आणि राग पण आला. राग कुणाचा ते कळेना.

१५ फेब्रुवारी

रविवार. दुकानाच्या रस्त्याने गेले, परत आले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गेले.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. ती खाली बसून खोकी लावत होती. केस पांढरे झालेत, रंगवत नाही. मी स्टुलावर बसले. तिने आधी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, सवयीने पायाकडे पाहिलं.

"सहा नंबर," म्हणाली. मग वर बघितलं. "अडतीस?"

हो म्हटलं. पुढे तीच बोलली. सासू गेली, नवरा बसमध्ये वाहक आहे, मुलगा नाही, मुलगी नाही, एक मांजर आहे ते मालकापेक्षा जास्त हुकूम सोडतं. "आणि तू? काय गं, केवढी वाळलीस! लोकांचं रक्त काढतेस की स्वतःचं?" अगदी तश्शीच आहे.

मग मी सगळं सांगितलं. रजिस्टर, मोती, वरीलप्रमाणे. ऐकून ती एवढी हसली की गल्ल्यावरच्या मालकाने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे बावीस वर्षं तूपण माझ्याबरोबर रद्दच? आणि आम्हांला वाटत होतं आम्ही एकट्याच!" हसता हसता डोळे पुसले. मग खोक्याचं झाकण लावत म्हणाली, "देते की सही. कधी यायचं सांग."

"तुला काही बोलायचं नाही मला?"

"बोलायचं होतं तेव्हा बोलले नाही. आता काय बोलायचं? एकीची तरी ओळ पुढे जाऊ दे." निघताना दारात म्हणाली, "माझी वही तुझ्याकडेच राहिली गं."

चप्पल घेतली. नको असताना घेतली. ती खाली बसून पट्टा लावत होती. मी "राहू दे, मी लावते" म्हणाले, तर म्हणाली, "माझं कामच आहे ते."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नोटरी वकिलाकडे. ती जेवणाच्या सुट्टीत आली, डबा पिशवीत तसाच. मजकूर घरूनच लिहून आणला होता, टाईप करून घ्यायला. मी वाचला. "रोल नंबर ३७ म्हणून माझा निकाल रद्द झाला. गैरप्रकार फक्त माझ्याकडून झाला. रोल नंबर ३८ हिने सर्व परीक्षा प्रामाणिकपणे दिल्या, हे मी जाणते."

'प्रामाणिकपणे' हा शब्द कुणी मागितला नव्हता. तिने मनाने घातला.

अक्षर बदललेलं नाही. तोच उभा र, तीच लांब वेलांटी. वकील म्हणाले, "काय सुंदर अक्षर आहे हो बाई तुमचं! शिक्षिका का?" ती म्हणाली, "चपला विकते."

सही करून ती धावतच गेली. डबा खाल्ला की नाही कोण जाणे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

झालं! माझ्या ओळीतला 'वरीलप्रमाणे' खोडून भाऊसाहेबांनी निळ्या शाईत 'उत्तीर्ण' लिहिलं. शेजारी प्राचार्यबाईंची सही, शिक्का. पत्र टाईप झालं, लिफाफ्यात गेलं, वर लाख. "अभिनंदन, ताई. तिकडे गेल्यावर आम्हांला विसरू नका." रजिस्टर मिटताना माझी नजर वरच्या ओळीवर गेली. लाल शाई अजून ताजी दिसते.

घरी जत्रा. सासूबाईंनी लिफाफा माझ्या हातून काढून घेतला आणि कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवला, किल्ली कमरेला. "तुझ्यापेक्षा माझ्याकडे नीट राहील." हे फोनवर रडले. लेकीला ते ऐकू आलं. ती उठून आली, फोन माझ्याकडून घेतला आणि म्हणाली, "बाबा, रडू नका, आम्ही येतोय." तीन वर्षांत पहिल्यांदा आपणहून बोलली.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. आणि आत काहीच हललं नाही.

२४ फेब्रुवारी

इनक्युबेटर : ३७.

२५ फेब्रुवारी, बुधवार

माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. सासूबाई म्हणाल्या, "आत्तापासूनच भरायला घेतलंस?" हो म्हटलं. पेटीत जे हवं होतं ते अगदी तळाशी होतं. धूळ झटकली, पिशवीत घातलं.

सासूबाईंकडे कपाटाची किल्ली मागितली. "पाठवणार ना उद्या?" म्हणाल्या. मी नुसती मान हलवली. कशी हलवली ते मलाही सांगता येणार नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

लिफाफा पाठवला नाही.

काल ह्यांना सांगितलं, आज कॉलेजात लिहून दिलं, फक्त या वहीत कधी लिहिलं नाही — तर लिहिते. चिठ्ठी माझी होती. तिची वही अभ्यासाला म्हणून आणली, आकडे होते तो कोपरा फाडला. पथक आलं तेव्हा पायाने तिच्या बाकाखाली सारला. तिने स्वतःचं अक्षर ओळखलं, वही कुणाकडे आहे तेही तिला माहीत होतं. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीच येतो परत. दोन महिने लागतील." इथे माझ्या इस्पितळातही सोमवारी सांगायचंय.

भाऊसाहेबांनी तिच्या वहीतलं फाटक्या कोपऱ्याचं पान पाहिलं, रजिस्टर उघडलं. "समिती बसेपर्यंत पेन्सिलीने लिहून ठेवतो." सदतीसच्या ओळीत लिहिलं, 'उत्तीर्ण'. मग माझ्या ओळीवर पेन्सिल टेकवून थांबले.

"आणि इथे, ताई?"

"इतकी वर्षं वर जे होतं, ते."