सोळा चौकटी

४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तिसऱ्यांदा बंद पडलं. झाकण पुन्हा उघडून स्क्रू बशीत काढले आहेत, आणि मशीन थंड होईपर्यंत तुला लिहितो आहे. नवा कॉम्प्युटर घेतला. सुटे भाग आणून मीच जोडला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, त्याला हे काय जड? प्रोसेसर सोळा कोअरचा आहे. पडद्यावर एकेका कोअरची एकेक चौकट दिसते. वर्तमानपत्र वाचतो तेव्हा एक-दोन हलतात, बाकीच्या सपाट. तेवढं ठीक चालतं. दुकानदाराने दिलेली चाचणी लावली, की सोळाही एकदम कामाला लागतात आणि दोन मिनिटांत मशीन मान टाकतं. फोनवर मला धड ऐकू येत नाही, तेव्हा काय करायचं ते लिहूनच कळव.

तुझी वहिनी गेल्यापासून मधली खोली बंद होती. ती उघडून टेबल तिथे मांडलं आहे. उजेड चांगला येतो.

तब्येतीला जप.
दादा

११ जून

ती. दादास,
शि. सा. न.

प्रोसेसरवर पंखा बसवताना मध्ये उष्णता ओढून घेणारा लेप किती लावलास? घड्याळाला तेल देतोस तसा सुईच्या टोकाने ठिपका दिला असशील. मटारच्या दाण्याएवढा लागतो, घड्याळजीबुवा. जुना पुसून पुन्हा लाव.

आता रागावते. घरच्या वापराला सोळा कोअर कशाला? तू पत्र लिहिणार, बातम्या वाचणार, फोटो बघणार. पत्र लिहिणारा एकच असेल तर शेजारी पंधरा लेखनिक बसवून ते लवकर होत नाही. सहा पुष्कळ झाले, आणि तेही बहुतेक वेळ जांभया देतील. माझ्यासारखी न बांधलेल्या घरांची चित्रं करायची असतील तर गोष्ट वेगळी. तिथे चित्राचे तुकडे पाडून प्रत्येकाला एक देता येतो. दुकानदाराने तुला गुंडाळलं. परत घेतो का विचार.

मला एवढ्यात येता येत नाही. चित्र सुरू केलं की मशीनपाशी थांबावं लागतं, तुला ठाऊकच आहे.

बोलले ते मनावर घेऊ नकोस.
धाकटी

१८ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

लेपाचं बरोबर निघालं. चाचणी तासभर चालली. सोळाही चौकटी भरलेल्या बघत बसलो.

दुकानदाराला बोल लावू नकोस. त्याने सहाच सांगितले होते, मी हटून बसलो. दोन वर्षांपूर्वी तू लिहिलं होतंस, की तुझ्या मशीनवर एका चित्राला अख्खा दिवस जातो. सोळा कोअर असते तर जेवणाआधी उरकलं असतं. तेव्हा आता इथेच बसून कर. किती दिवस ते तू ठरव. मी मध्ये मध्ये बोलणार नाही. निदान प्रयत्न करीन.

उत्तराची वाट बघतो.
दादा

२५ जून

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र चारदा वाचलं. वर्ष झालं, आमची चित्रं ऑफिसच्या मोठ्या मशीनांवर होतात. मी इथून बटण दाबते, मग दार ओढून कुठेही जाऊ शकते. मशीनपाशी थांबावं लागतं हे वर्षभर तुला खोटं लिहीत आले.

वहिनी गेल्यावर मी आठ दिवस राहिले होते. जेवायला बसताना तू तीन ताटं घ्यायचास आणि एक मुकाट्याने परत ठेवायचास. ते पुन्हा बघवेल असं मला वाटेना. इथेही मी एकटीच जेवते, पण इथे ताट एकच आहे.

मशीन परत करून टाक. तुला त्याचा उपयोग नाही, मलाही उरलेला नाही. येते असं लिहायला धीर होत नाही.

माया कमी करू नकोस.
धाकटी

ता. क. २६ जून, सकाळ. पत्र टपालात टाकलं नाही. दहाच्या गाडीत बसून ही ओळ लिहिते आहे.